गावात आजार वाढलाय, कारण प्रदूषण आहे का? तपास करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पहिलं सर्वेक्षण आम्ही कोकणातल्या एका रासायनिक पट्ट्याला लागून असलेल्या गावात केलं. फॉर्मवर तिसराच प्रश्न होता, "कंपनीच्या धुरामुळे तुम्हाला त्रास होतो का?" जवळजवळ प्रत्येक घराने 'हो' सांगितलं. आम्ही खूश. गठ्ठा घेऊन तालुक्याच्या गावी एका निवृत्त डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चार-पाच कागद चाळले, चष्मा काढला आणि विचारलं, "खाडीपलीकडच्या गावात हेच विचारलंत का? आणि ज्यांना काही होत नाही, ती माणसं यात कुठे आहेत?" आमच्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. तो गठ्ठा आजही माळ्यावर आहे.

या कामात नव्याने पडणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी सांगतो. आजारी माणसांची यादी कोणीही करतो. तपास सुरू होतो तो आजारी न पडलेल्यांची यादी हातात आल्यावर.

हे काही नवं शहाणपण नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने सहाशेहून जास्त माणसं गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू नकाशावर मांडले, ही गोष्ट शाळेतही सांगतात. पण कॉलरा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून पसरतोय, हा त्यांचा दावा पक्का केला तो न मेलेल्यांनी. पंपाशेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला बिअर मिळायची आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. जवळच्याच वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, पाचशेच्या वर माणसं होती, तिथेही वेगळी विहीर, आणि मृत्यू अगदी मोजके. उलट कितीतरी दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई गेली, कारण तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ती ते मुद्दाम मागवायची.

आता कामाला लागू. हे सगळं ग्रामसभेतली चार जागरूक मुलं, एखाद्या आशाताई, युनियनचे दोन कार्यकर्ते आणि एक समजूतदार डॉक्टर मिळून करू शकतात. वेळ मात्र लागतो. सहा महिने धरून चाला.

पायरी १: आधी जीव, मग वही

वायुगळती झाली असेल, फवारणी करताना कोणी कोसळलं असेल, टाकीत किंवा गटारात उतरलेला माणूस वर येत नसेल, तर तो सर्वेक्षणाचा विषय नाही. १०८ ला फोन करा. आणि त्या माणसाला काढायला स्वतः खाली उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजून उतरलेली माणसं दगावतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. अशा वेळी नातेवाइकांनी कीटकनाशकाचा डबा किंवा पुडा सोबत न्यायला हवा, कारण कोणतं विष आहे यावर उपचार ठरतो. खूप घाम, लाळ, उलट्या आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या की डॉक्टर ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाचा संशय घेतात. पण त्या वर्षी अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र मिसळली होती. त्यामुळे डबे जपून ठेवा, सगळे.

पायरी २: प्रश्न एका वाक्यात बसवा

'प्रदूषणामुळे लोक आजारी पडतात' ही तक्रार झाली. तपासायचा प्रश्न असा असतो: 'नाल्याकाठच्या दोन वाड्यांत गेल्या बारा महिन्यांत त्वचेवर खाज-चट्टे उठलेल्यांचं प्रमाण, नाल्यापासून दूरच्या दोन वाड्यांपेक्षा जास्त आहे का?' कोणता आजार, कोणाला, कधीपासून, कोणाच्या तुलनेत. चारांपैकी एक जरी राहिलं तरी पुढे सगळं ढिलं पडतं.

आजाराची व्याख्या आधी ठरवा आणि सगळ्यांना तीच लावा. 'खोकला आहे' म्हणजे काय? जुन्या ब्राँकायटिससाठी डॉक्टर वापरतात ती व्याख्या उसनी घ्या: सलग दोन वर्षं, दर वर्षी निदान तीन महिने कफासह खोकला. दम्यासाठी: गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर झाली का, धाप लागून झोपेतून जाग आली का. अशा व्याख्येने तुमचे आकडे कमी होतील. होऊ द्या.

पायरी ३: नकाशा

ग्रामपंचायतीकडून घरपट्टीची यादी आणि गावाचा नकाशा घ्या. प्रत्येक घराला एक टिंब, आजार असलेल्या घराला रंगीत टिंब. रिकामी टिंबंही काढायचीच. मग त्यावर ओढे, बोअर, हातपंप, धुराडी, सांडपाण्याची पाइपलाइन, टँकर उलटे करतात ती जागा, आणि वाऱ्याची दिशा. कोकणात पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, हिवाळ्याच्या रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणून एकाच धुराड्याचा त्रास जूनमध्ये एका वाडीला आणि डिसेंबरमध्ये दुसरीला होऊ शकतो. थंडीत रात्री गार हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूर वर जात नाही. रात्री वास जास्त येतो म्हणणारे खोटं बोलत नसतात. कंपनी रात्री गुपचूप सोडते हाही संशय असतो, पण दोन्ही शक्यता लिहा.

जुनी माणसं पूर्वी ओढा कुठून वाहायचा ते सांगतात, तेही नकाशावर घ्या. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या लव्ह कॅनॉल वस्तीत जुन्या कालव्यात एका कंपनीने १९४२ ते १९५३ दरम्यान वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला होता आणि त्यावर पुढे शाळा आणि घरं उभी राहिली. लोइस गिब्ज या गृहिणीने शेजारणींना घेऊन दारोदार विचारणा केली. आजार कालव्यापासूनच्या अंतराप्रमाणे पसरलेला दिसेना. मग बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या रेषा नकाशावर उमटवल्या, तेव्हा आजारी घरं त्या रेषांवर येऊ लागली. राज्याच्या आरोग्य खात्याने आधी हे बायकांचं काम म्हणून झटकलं. १९७८ आणि १९८० असं दोनदा तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

पायरी ४: विचारायचं कसं

आमच्या पहिल्या फॉर्मची चूक आता तुमच्या लक्षात आली असेल. संशयिताचं नाव प्रश्नात घालायचं नाही. 'कंपनी', 'धूर', 'केमिकल' हे शब्द शेवटच्या पानाआधी येताच कामा नयेत. आधी आरोग्य, मग कामधंदा, मग पाणी कुठलं, चूल की गॅस, तंबाखू-मिश्री-विडी, आणि अगदी शेवटी, 'तुमच्या मते याचं कारण काय असावं?' हा प्रश्न जरूर ठेवा. लोकांना पोटात असलेलं बोलायचं असतं. ते बोलू द्या, पण उत्तरं देऊन झाल्यावर.

संशय नसलेले एक-दोन आजारही यादीत घाला, उदाहरणार्थ गुडघेदुखी किंवा दातदुखी. जवळच्या गावात खोकल्याबरोबर दातदुखीही दुप्पट निघाली तर समजा की त्या गावचे लोक सगळ्याच गोष्टी जास्त सांगतायत. किंवा विचारणारा पोरगा जास्त उत्साही होता! (दातदुखीला अपवाद आहे, तो पुढे येतो.)

एकाच माणसाने दोन्हीकडची गावं करावीत, निम्मी-निम्मी. आमच्याकडची मुलं आपल्या गावात तास-तास बसायची आणि परगावात उंबऱ्यावरूनच फॉर्म भरायची. तो फरक थेट आकड्यांत उतरतो.

कामधंद्याबद्दल विचारताना घाई करू नका. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली व्यवसायांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: काम काय करतोस? आपल्याकडे सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर आजही बहुतेक वेळा 'मजूर' एवढंच लिहिलेलं असतं. मजूर म्हणजे काय? दगड फोडतो, गोणी रिकाम्या करतो, रिअ‍ॅक्टर धुतो, वेल्डिंग करतो? हे सगळं वेगळं.

शिवाय आजचंच नाही, पहिल्यापासूनचं विचारा. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर संपर्कानंतर वीस-चाळीस वर्षांनीही दिसतो. सत्तरीतला माणूस आज शेती करत असेल, पण तिशीत तो कुठे होता?

इथे सिलिकोसिसबद्दल जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. क्वार्ट्झ, वाळूचा दगड, स्लेट अशा दगडांच्या बारीक धुळीने फुप्फुसं घट्ट होत जातात. खोकला, धाप, वजन घटणं. लक्षणं क्षयासारखी, एक्स-रेही वरवर पाहता तसाच. माणसाला क्षयाची औषधं सुरू होतात, कोर्स संपतो, फरक पडत नाही, पुन्हा कोर्स. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी गुजरातेत गोध्राकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांत जायचे आणि काही महिन्यांच्या कामातच अशी धाप घेऊन परतायचे. काम एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात, त्यामुळे कारखान्याच्या हजेरीपटावर काहीच दिसत नव्हतं. तिकडच्या संघटनांनी गावोगाव नावं लिहिली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेल्या, आणि २०१० मध्ये आयोगाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितलं. तुमच्या यादीत क्षयाचे उपचार दोनदा घेतलेले आणि पूर्वी क्रशरवर किंवा खाणीत काम केलेले लोक असतील, तर त्यांची यादी वेगळी काढा आणि एक्स-रे छातीच्या तज्ज्ञाला दाखवा. मात्र औषधं बंद करायला सांगू नका. सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोका उलट जास्त असतो, दोन्ही एकत्र असू शकतात.

कारखान्यातल्या आजारासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न साधा आहे: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण हीच. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवशी थोडी सैल होते. गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना हे नाव माहीत नसेल, पण आवळणं माहीत आहे. दम्याचा संशय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पीक फ्लो मीटर घ्या. फुंकरीचा जोर मोजणारं, हातात मावणारं, स्वस्त यंत्र. दिवसातून चार वेळा, दोन ते चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून फुंकर मारायची आणि आकडा लिहायचा. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत वर येतो, असा आलेख शंभर तक्रारअर्जांपेक्षा वजनदार ठरतो.

आणि कामावर असलेल्यांनाच विचारून थांबू नका. जो आजारी पडला तो काम सोडून गेला, बहुतेकदा ठेकेदाराने पाठवला. गेटवर उभं राहून मोजलं तर कामगार गावापेक्षाही धडधाकट दिसतात. गेल्या पाच वर्षांत कोण-कोण सोडून गेलं, आणि का, हे जुन्या मुकादमाला विचारा.

संमतीशिवाय नाव लिहू नका. फॉर्मवर क्रमांक, नावांची वही वेगळी आणि कुलपात. एखाद्या कामगाराने धापेबद्दल सांगितलं आणि ते सुपरवायझरच्या कानावर गेलं, तर त्याची भाकरी जाते.

पायरी ५: मोजणी

समजा, कारखान्याजवळच्या गावात १२०० माणसं, त्यातल्या ६० जणांना तुमच्या व्याख्येत बसणारी घरघर आहे. दूरच्या गावात ८०० पैकी १६. नुसतं ६० आणि १६ सांगू नका. शेकडा ५ आणि शेकडा २, म्हणजे अडीचपट. आता वय बघा. जवळच्या गावात म्हातारी माणसं जास्त असतील तर हा फरक वयाचाच असू शकतो. म्हणून १५ वर्षांखालचे, १५ ते ४५, आणि पुढचे, असे तीन गट करून प्रत्येकात वेगळी तुलना करा. मग विडी ओढणारे आणि न ओढणारे. मग चूल आणि गॅस. प्रत्येक कप्प्यात फरक टिकला तर बोलायला जागा आहे.

कॅन्सरच्या बाबतीत विशेष सावध राहा, कारण सभेत सगळ्यांत आधी तोच शब्द येतो. भारतात वर्षाला लाखामागे साधारण १०० नवे कॅन्सर रुग्ण, असा अंदाज आहे. म्हणजे २००० वस्तीच्या गावात दहा वर्षांत २० रुग्ण हे काहीही विशेष नसताना होऊ शकतात. 'आमच्या गावात वीस कॅन्सर' ऐकून अंगावर काटा येतो, पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. आपल्याच राज्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे आणि मुंबईत तर १९६३ पासून. गावाची तुलना गावाशी करायची तर बार्शीचे दर पाहा, मुंबईचे नव्हे.

लग्नात अक्षता टाकतो तेव्हा सतरंजीवर त्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. कुठे सात-आठ एकत्र दिसतात, कुठे एकही नाही. रुग्णही असेच कधीकधी एका आळीत जमतात. आधी रुग्ण पाहायचे आणि मग त्यांच्याभोवती वर्तुळ काढून 'हा बाधित भाग' म्हणायचं, ही चूक सगळेच करतात. सीमा आधी ठरवा, वाऱ्यावरून, पाण्यावरून, अंतरावरून.

पण दुर्मीळ आजार असेल तर दोन-तीन रुग्णही पुरतात. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात पीव्हीसी बनवणाऱ्या एकाच कारखान्याच्या तीन कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा झाल्याचं तिथल्या डॉक्टरच्या ध्यानात आलं. हा कॅन्सर इतका विरळा की तिघे एका गेटमधले निघणं योगायोग असूच शकत नव्हतं. पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडचा धोका जगाला त्यातून कळला. म्हणून यादीत नुसतं 'कॅन्सर' लिहू नका. कोणत्या अवयवाचा, बायॉप्सीत काय आलं, कोणत्या वयात.

मृत्यूंसाठी ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही बघा, पण कारणाच्या रकान्यावर विसंबू नका. 'म्हातारपण', 'हृदय बंद पडले' असंच बहुधा असतं. घरच्यांकडून जुने रिपोर्ट मागा.

आमच्या त्या गावात दुसऱ्या खेपेला खाडीपलीकडचं गावही घेतलं. खोकला दोन्हीकडे जवळजवळ सारखा निघाला, आणि चूल असलेल्या घरांत जास्त. सभेत हे सांगताना लोकांनी आम्हाला फितूर ठरवायचं तेवढं बाकी ठेवलं. पण पायांवरची खाज आणि चट्टे फक्त आमच्या बाजूला होते, तेही खाडीत उतरून मासे धरणाऱ्यांत आणि कालवं काढणाऱ्या बायकांत. त्याच घरातली खाडीत न जाणारी माणसं स्वच्छ. धुराच्या नादात पहिल्या फॉर्मवर आम्ही पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

पायरी ६: कागद

नमुने घेण्याआधी कागद. उलटं केलंत तर पैसे वाया जातील, कारण पाण्यात काय शोधायचं हेच ठाऊक नसेल.

प्रदूषण करू शकणाऱ्या बहुतेक कारखान्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं मिळतात, नाहीतर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. संमतीपत्रात काय बनतं, किती टन, रोज किती घनमीटर सांडपाणी, ते कुठे सोडायचं, बॉयलरचं इंधन, धुराड्याची उंची, घातक कचरा कोणता, हे सगळं असतं. सोबत मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल, कारणे दाखवा नोटिसा आणि पर्यावरण विवरणपत्र मागा. हे विवरणपत्र कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं आणि त्यात पाणी, कच्चा माल आणि कचऱ्याचे आकडे असतात.

कारखान्याच्या आतल्या गोष्टींसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, बिसिनोसिस असे आजार कायद्याने सूचनीय आहेत. म्हणजे डॉक्टरला असा रुग्ण दिसला तर त्याने कळवायचं असतं. जुन्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ही यादी होती, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. तुमच्या जिल्ह्यातून किती कळवले गेले हे माहिती अधिकारात विचारा. आकडा शून्य आला तर तोही पुरावा आहे, फक्त कशाचा ते नीट समजून घ्या.

पायरी ७: नमुने

थोडक्यात सांगतो, कारण यातलं निम्मं प्रयोगशाळाच शिकवते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा धरा आणि बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. जड धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक आणि बर्फात, उडून जाणाऱ्या रसायनांसाठी काचेची, वर हवेचा बुडबुडा न ठेवता. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत नमुना नेला तर तो टाकून द्या.

एकच नमुना घेऊ नका. सांडपाणी मिसळतं त्याच्या वरच्या बाजूला, मिसळतं तिथे, आणि खाली. वरचा नमुना नसेल तर खालच्याला अर्थ नाही. एका ठिकाणी दोन बाटल्या भरा आणि वेगळे क्रमांक द्या, प्रयोगशाळेचं काम किती चोख आहे ते कळतं. वेळ, जागा, कोणी घेतला, कोणाच्या हाती दिला, सगळं सहीनिशी. पहिल्या पावसाचं पाणी आणि नाल्याचा गाळ विसरू नका. पाणी वाहून जातं, धातू गाळात बसून राहतात.

अहवाल वाचताना लोक एक घोळ हमखास घालतात. पिण्याच्या पाण्याचं मानक वेगळं, सांडपाण्याचं वेगळं. नदीत सोडायच्या सांडपाण्यात सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला-जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. त्यात 'मर्यादेत' असलेलं पाणी पिण्याजोगं नसतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, शिसं आणि आर्सेनिक ०.०१, फ्लोराइड १, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. हवेत पीएम २.५ ची (फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. कंपनी पहिला आकडा सांगेल, तुम्ही दोन्ही सांगा.

रक्त-लघवीची तपासणी डॉक्टरांशिवाय करू नका. आर्सेनिक रक्तातून लवकर निघून जातं, लघवीत थोडे दिवस दिसतं. आणि किनाऱ्यावरच्या मंडळींनी तपासणीआधी तीन-चार दिवस मासे-कोळंबी बंद ठेवायला हवी, कारण समुद्री खाण्यातल्या निराळ्या, जवळजवळ निरुपद्रवी आर्सेनिकने आकडा फुगतो. श्रावणात घेतलेले नमुने म्हणूनच बरे.

पायरी ८: स्वतःचीच उलटतपासणी

आता कंपनीचा वकील व्हा. दुसरं काय कारण असू शकतं? दात पिवळे-तपकिरी, पाठ ताठ, गुडघे वाकडे: हा फ्लोरोसिस असू शकतो आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे तो बोअरच्या पाण्यातल्या, खडकातून आलेल्या फ्लोराइडने होतो, जवळ धुराडं असो वा नसो. अशा भागात दातदुखी तुलनेला ठेवू नका, हाच तो अपवाद.

१९६५ मध्ये ब्रिटनचे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी कारण ठरवताना पाहायच्या नऊ गोष्टी मांडल्या. गावपातळीवर मला त्यातल्या चार पुरतात. संपर्क आधी आणि आजार नंतर, असा क्रम आहे का? फरक मोठा आहे का? जवळ गेलं, जास्त वर्षं राहिलं, तसा आजार वाढतो का? आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्यांनी मोजलं तरी तेच येतं का? पुरावा अपुरा आहे म्हणून काहीच करायचं नाही, असं हिल म्हणत नाहीत, उलट याविरुद्ध त्यांनी बजावलं आहे. खाडीकाठच्या बायकांना गमबूट द्यायला न्यायालयाचा निकाल लागत नाही.

जपानमध्ये मिनामाताला मज्जासंस्थेचा विचित्र आजार १९५६ च्या मे महिन्यात अधिकृतपणे कळवला गेला, तो कारखान्याच्याच दवाखान्याच्या डॉक्टरांनी. त्याच डॉक्टर होसोकावांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजरांना खाऊ घातलं. ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने निष्कर्ष दाबला आणि सांडपाण्यातला पारा समुद्रात जात राहिला, १९६८ पर्यंत. म्हणून कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सना शत्रू समजू नका. पहिली खरी माहिती बऱ्याचदा तिथूनच येते.

पायरी ९: कुठे न्यायचं

आधी गावात. ज्यांनी फॉर्म भरले त्यांना निष्कर्ष वर्तमानपत्रातून कळता कामा नयेत. घरटी एक कागद, सोप्या मराठीत, ज्याच्या-त्याच्या विहिरीचा आकडा ज्याला-त्याला. मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यांना लेखी, पोच घेऊन. मग प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. भरपाई मागायची असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पर्यावरणाच्या इतर वादांसाठी मुदत सहाच महिने. वकील शोधण्यात ती सरू देऊ नका. कामगाराच्या व्यावसायिक आजाराचा मार्ग वेगळा, ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर तिकडून.

वहीच्या दोन प्रती करा, एक गावाबाहेरच्या माणसाकडे ठेवा. आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तीच घरं, तोच फॉर्म घेऊन पुन्हा जा. महिना बदलू नका, वारा बदलतो.